हाक एकाला, ओ दुसऱ्याची: वेब ॲपचा सेटअप आपल्या मशीनवर लावताना

प्रश्न थोडक्यात असा: विंडोजचा लॅपटॉप आहे, त्यावर टीमचा चालू प्रोजेक्ट उभा करायचाय. बॅकएंड (सर्व्हरची बाजू) पायथनमधल्या जँगोचा, फ्रंटएंड (ब्राउझरची बाजू) जावास्क्रिप्टमधल्या रिॲक्ट आणि वीटचा, डेटाबेस पोस्टग्रेस. तीन दिवस गेले. पोस्टग्रेस दोनदा काढून परत टाकलं, शेवटी डॉकरमधलंही (म्हणजे कंटेनर नावाच्या बंदिस्त खोक्यातलं) चालवून पाहिलं. पासवर्ड अक्षरन्‌अक्षर बरोबर आहे, तरी ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ ही ओळ काही हटत नाही. सहकाऱ्याच्या मशीनवर तोच कोड व्यवस्थित चालतो. आता सगळं पुसून पहिल्यापासून काय काय आणि कोणत्या क्रमाने टाकायचं?

पुसू नका. त्या त्रासदायक ओळीतच एक चांगली बातमी आहे. पासवर्ड नाकारायला पलीकडे एक पोस्टग्रेस जिवंत आहे, जोडणी तिथवर पोचतेय. तुम्हाला वाटतो तोच पोस्टग्रेस आहे का, एवढंच बघायचं राहिलंय.

नव्याने रुजू झालेल्यांच्या मशीनसमोर बसून मी असे बरेच सेटअप सोडवले आहेत. काहीतरी इन्स्टॉल व्हायचं राहिलं म्हणून अडलेले त्यात फार थोडे. बहुतेक वेळा एकाच नावाच्या दोन गोष्टी मशीनवर असतात, आपण एकीला हाक मारतो आणि ओ दुसरीच देते. पायथन दोन, एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेज आणणारा) दोन, पोस्टग्रेस दोन, एन्‌व्ह फायली (पासवर्डसारख्या सेटिंग ठेवणाऱ्या) तीन. त्यामुळे पुढे मी इन्स्टॉल करायची यादी कमी देणार आहे आणि ओ कोण देतंय हे कसं ओळखायचं ते जास्त सांगणार आहे. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

आधी तुमचा पोस्टग्रेस. विंडोजचा इन्स्टॉलर पोस्टग्रेसला सर्व्हिस म्हणून नोंदवतो. मशीन चालू झालं की तो गपचूप ५४३२ या पोर्टवर (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारावर) येऊन बसतो, तुम्ही काही उघडा वा न उघडा. नंतर तुम्ही डॉकरमधला पोस्टग्रेस सुरू केलात आणि त्याचंही पोर्ट बाहेर ५४३२ म्हणूनच उघडलं. एका पोर्टवर दोघं बसू शकत नाहीत असं आपण धरून चालतो. पण एक जण सगळ्या पत्त्यांवर ऐकत असेल आणि दुसरा नेमक्या एकाच पत्त्यावर, तर विंडोजवर दोघंही बसलेले आढळतात आणि कुणीच तक्रार करत नाही. जँगो लोकलहोस्टला, म्हणजे याच मशीनला, हाक मारतो, ओ देतो सर्व्हिसवाला. डॉकरच्या फाइलमधला पासवर्ड त्याला ठाऊक असायचं कारणच नाही.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. पॉवरशेलमध्ये ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा आणि ५४३२ असलेल्या, ‘लिसनिंग’ अवस्थेतल्या ओळी शोधा. शेवटच्या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक असतो. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये तो क्रमांक कुणाचा आहे ते दिसतं. एकीकडे पोस्टग्रेस आणि दुसरीकडे डॉकरचा बॅकएंड असे दोघं दिसले की चोर सापडला.

उपाय दोन आहेत. सर्व्हिस थांबवून तिचा स्टार्टअप ‘मॅन्युअल’ करा, किंवा डॉकरवाल्याचं बाहेरचं पोर्ट ५४३३ करा. मी नेहमी दुसरा मार्ग घेतो, कारण उद्या दुसऱ्या प्रोजेक्टसाठी तिसरा पोस्टग्रेस येणारच आहे. कंपोझ फाइलमध्ये (डॉकरने काय कसं चालवायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये) पोर्टची जोडी लिहिताना डावीकडचा आकडा तुमच्या मशीनचा आणि उजवीकडचा कंटेनरच्या आतला. बदलायचा तो फक्त डावीकडचा. उजवीकडेही ५४३३ लिहिलंत तर आत त्या पोर्टवर कुणीच नाही, मग वेगळीच एरर घेऊन बसाल.

पोर्ट बदलूनही तीच ओळ आली तर? पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉकर इमेजची (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्याची) एक खोड आहे. एन्व्हायर्नमेंटमध्ये दिलेला पासवर्ड ती फक्त पहिल्यांदा, डेटाचा फोल्डर रिकामा असतानाच वापरते. एकदा व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठ्यात) डेटाबेस तयार झाला की नंतर कंपोझ फाइलमध्ये पासवर्ड हवा तितक्या वेळा बदला, कंटेनर पुसून परत उभा करा, आतला पासवर्ड पहिल्या दिवशीचाच राहतो. कंटेनर गेला तरी व्हॉल्यूम जात नाही, आणि डेटा टिकावा म्हणून ते तसंच असायला हवं. व्हॉल्यूमसकट पुसायचं असेल तर ‘डॉकर कंपोझ डाउन’ला ‘-व्ही’ जोडावं लागतं. आत जपण्यासारखं काही नसेल तरच हे करा. असेल तर आत शिरून ‘ऑल्टर यूझर’ने पासवर्ड बदला.

विंडोजवर दोनदा काढून टाकूनही फरक का पडला नाही, याचं कारणही याच जातीचं आहे. अनइन्स्टॉलर प्रोग्रॅम काढतो, डेटाचा फोल्डर मागे ठेवतो. परत टाकताना तोच फोल्डर सापडला की पासवर्डही जुनाच लागतो.

अजून दोन जागा बघून घ्या. डेटाबेसचा पत्ता एका ओळीत, यूआरएलच्या रूपात दिला असेल आणि पासवर्डमध्ये ‘ॲट’चं किंवा ‘हॅश’चं चिन्ह असेल, तर ते पर्सेंट-एन्कोड करून (टक्क्याचं चिन्ह आणि संकेतांक या रूपात) लिहावं लागतं. नाहीतर पासवर्ड तिथेच तुटू शकतो आणि पत्त्याचा अर्थ चुकीचा लागतो. दुसरं म्हणजे पायथनची डॉटएन्‌व्ह लायब्ररी एन्‌व्ह फाइलमधली किंमत तेव्हाच लावते, जेव्हा त्या नावाचा व्हेरिएबल आधीपासून नसतो. पहिल्या दिवशी कुठल्यातरी लेखात वाचून तुम्ही विंडोजच्या सिस्टिम सेटिंगमध्ये पासवर्डचा व्हेरिएबल टाकला असेल, तर फाइल कितीही सुधारा, चालणार तो जुनाच.

जोडणी झाली की डेटाबेसलाच त्याची ओळख विचारा. ‘सिलेक्ट व्हर्जन’ चालवलंत की उत्तरात आवृत्ती तर येतेच, शिवाय तो कशावर बांधला गेला तेही येतं. लिनक्सचा उल्लेख असेल तर कंटेनरमधला, विंडोजचा किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लसचा असेल तर विंडोजवाला. ही सवय लावून घ्या; चुकीच्या डेटाबेसवर मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवून मोकळे होणारे मी पाहिले आहेत.

आता एकूण मांडणी. विंडोजवर असाल आणि ॲप शेवटी लिनक्सच्या सर्व्हरवर जाणार असेल, तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) घ्या आणि उरलेलं सगळं त्याच्या आत करा. ‘डब्ल्यूएसएल इन्स्टॉल’ एवढ्या एका आज्ञेने उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) येतं. थेट विंडोजवर हे चालतच नाही असं नाही, चालतं. पण फाइलनावांतली लहान-मोठी अक्षरं, ओळींच्या शेवटची चिन्हं, शेलच्या स्क्रिप्ट, सगळीकडे थोडं थोडं वेगळं वागतं आणि ते थोडं थोडं साचत जातं.

त्यात एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. उबुंटू टाकतो, पण कोड ठेवतो सी ड्राइव्हवरच, आणि ‘माउंट-सी’च्या वाटेने तिथे पोचतो. ही वाट दोन ऑपरेटिंग सिस्टिमच्या मधल्या पुलावरून जाते. हजारो बारीक फायलींचा नोड मॉड्यूल्सचा (जावास्क्रिप्टच्या पॅकेजचा) फोल्डर त्या पुलावरून न्यायचा म्हणजे इन्स्टॉलला मिनिटांमागून मिनिटं. त्याहून वाईट म्हणजे विंडोजच्या बाजूने फाइल बदलली तर त्याची खबर लिनक्सला लागत नाही. तुम्ही कोड बदलता, सेव्ह करता आणि ब्राउझर ढिम्म. कोड उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथूनच गिट क्लोन करा (कोडची प्रत उतरवून घ्या). वीएस कोडचं डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन घेतलंत की एडिटरची खिडकी विंडोजमध्ये, पण काम सगळं आत, असं होतं. आतला सर्व्हर विंडोजच्या ब्राउझरमधून लोकलहोस्टवर एरवी आपोआप दिसतो.

थेट विंडोजवरच राहायचं ठरवलंत, तर निदान प्रोजेक्ट डेस्कटॉपवर किंवा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवू नका. बऱ्याच मशीनवर हे फोल्डर क्लाउडशी सिंक होत असतात आणि इन्स्टॉल चालू असतानाच सिंकवाला फायली धरून बसतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागाही नको.

रॅमचंही बघा. डब्ल्यूएसएल २ डीफॉल्ट सेटिंगमध्ये मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर, एडिटर आणि डॉकर एकत्र चालले की मशीन धापा टाकायला लागतं. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घालता येते.

मग सगळंच डॉकरमध्ये का नको? टीमने तशी कंपोझ फाइल नीट सांभाळली असेल तर जरूर तसंच करा, टीमच्या विरुद्ध जाऊन स्वतःची वेगळी चूल मांडण्यात अर्थ नाही. निवड माझ्यावर असेल तर मी डेटाबेस, रेडिस (मेमरीतला डेटासाठा) वगैरे कंटेनरमध्ये ठेवतो आणि ज्या कोडवर रोज हात फिरवायचा तो बाहेर, थेट. डेटाबेसची आवृत्ती सर्व्हरवर आहे तीच हवी आणि ती एका ओळीत बदलता आली पाहिजे, यासाठी कंटेनरसारखी सोय नाही. (पोस्टग्रेसच्या १५ चा डेटा १६ ला थेट उघडता येत नाही, तेव्हा ती ओळ बदलण्याआधी डंप, म्हणजे डेटाची बाहेर काढलेली प्रत, घ्या.) स्वतःच्या कोडला मात्र डीबगर जोडायचा असतो, लायब्ररीच्या आत डोकवायचं असतं, दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट करायचं असतं, आणि तिथे कंटेनरची भिंत मध्ये येते.

सोपं म्हणून एसक्यूलाइटवर (एका फाइलमधल्या हलक्या डेटाबेसवर) डेव्हलपमेंट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस, हा मार्ग टाळा. एसक्यूलाइटमध्ये ‘लाइक’ची तुलना इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठेपणा बघत नाही, पोस्टग्रेसमध्ये बघते. शिवाय आकड्याच्या रकान्यात शब्द घातला तरी एसक्यूलाइट एरवी तो मुकाट्याने ठेवून घेतो. तुमच्याकडे शोध बरोबर चालेल, लोकांकडे चालणार नाही.

पायथनकडे वळू. विंडोजच्या टर्मिनलमध्ये ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडल्याचा अनुभव तुम्हाला आलाच असेल. हाक एकाला, ओ दुसऱ्याची, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. उबुंटूमध्ये पायथन आधीच असतो, पण तो सिस्टिमच्या स्वतःच्या कामासाठी. त्यात पिपने (पायथनची पॅकेज आणणाऱ्या आज्ञेने) काही टाकायला गेलात तर नव्या आवृत्त्या ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतात. ती अडवणूक तुमच्या भल्याची आहे. ती मोडून काढायचा जो पर्याय एररमध्येच सुचवलेला असतो, तो वापरू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, त्याच्यापुरता वेगळा पायथन म्हणून, व्हेन्‌व्ह तयार करा. ही सोय २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून पायथनमध्येच आहे. आणि नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न म्हणता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ म्हणा. लांबलचक वाटतं, पण त्यामुळे जो पायथन कोड चालवणार त्याच्याच घरात पॅकेज जातं. ‘मॉड्यूल इन्स्टॉल केलंय तरी सापडत नाही’ या तक्रारीमागे बहुधा दुसऱ्याच पायथनचा पिप असतो. एडिटरमध्ये कोणता इंटरप्रिटर निवडलाय तेही एकदा बघा, कारण टर्मिनलमधला आणि एडिटरमधला पायथन वेगळा असू शकतो.

पुढे फ्रंटएंड, म्हणजे वीट. तीन दिवसांत वीट आलाही असेल. डब्ल्यूएसएलमध्ये इथे एक खास सापळा आहे. विंडोजचा पाथ (आज्ञा कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) लिनक्सच्या पाथला मागून जोडलेला असतो. आत नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) टाकलेला नसेल आणि विंडोजवर असेल, तर उबुंटूमध्ये ‘एनपीएम’ म्हटल्यावर विंडोजवाला धावून येतो. मग इन्स्टॉल झाल्यासारखं दिसतं, पण आलेल्या बायनरी विंडोजच्या असतात. ‘व्हिच एनपीएम’ विचारा. उत्तर ‘माउंट-सी’ने सुरू झालं तर तो परका आहे. एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारा) वापरून आत नोड टाका, विंडोजच्या बाजूने आलेला नोड मॉड्यूल्सचा फोल्डर पूर्ण पुसा आणि नव्याने इन्स्टॉल करा. ईएसबिल्डसारख्या पॅकेजमध्ये त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी बायनरी असते, त्यामुळे तो फोल्डर इकडून तिकडे कॉपी करून भागत नाही.

नोडची आवृत्ती प्रोजेक्टमध्ये जी लिहिली असेल तीच घ्या. लिहिलेलीच नसेल तर सम आकड्याची, दीर्घ मुदतीच्या आधारातली घ्या आणि एनव्हीएमआरसी फाइलमध्ये नोंदवून ती गिटमध्ये टाका. चालू प्रोजेक्ट घेताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. पहिली आज्ञा प्रसंगी लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) बदलते. दुसरी लॉक फाइलमध्ये आहे तेवढंच आणते, आणि फायली जुळत नसतील तर थांबते.

आता दोन्ही बाजू चालू: जँगो ८००० वर, वीट ५१७३ वर. ५१७३ आधीच अडलेलं असेल, म्हणजे कालचंच टर्मिनल कुठेतरी उघडं राहिलं असेल, तर वीट स्वतःहून ५१७४ वर सरकतो. टर्मिनलमध्ये तसं लिहितो, पण वाचतं कोण! बॅकएंडमध्ये परवानगी ५१७३ ला दिलेली, त्यामुळे सीओआरएसची (एका पत्त्यावरचं पान दुसऱ्या पत्त्याकडून डेटा घेऊ शकतं का, या ब्राउझरच्या नियमाची) एरर येते आणि माणूस जँगोच्या सेटिंगमध्ये तासभर उकरत बसतो. वीटच्या कॉन्फिगमध्ये ‘स्ट्रिक्ट पोर्ट’ चालू करा, म्हणजे तो सरकण्याऐवजी बंद पडेल आणि तुम्हाला लगेच कळेल. ब्राउझरच्या लेखी लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हेही दोन वेगळे ओरिजिन (प्रोटोकॉल, पत्ता आणि पोर्ट मिळून होणारी ओळख) आहेत.

मी तर डेव्हलपमेंटपुरती सीओआरएसची भानगडच ठेवत नाही. वीटच्या प्रॉक्सीमधून (विनंत्या पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थामधून) ‘एपीआय’ने सुरू होणाऱ्या सगळ्या विनंत्या जँगोकडे वळवतो, ब्राउझरला एकच पत्ता दिसतो. प्रॉक्सीत पत्ता लिहिताना लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ लिहा. २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ पासून लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही ६ चा पत्ता असा लागू शकतो आणि जँगो ऐकत असतो आयपीव्ही ४ वर. तेव्हा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं, आणि सर्व्हर तर डोळ्यांसमोर चालू असतो.

कुकीचं गणित आणखी निराळं. ओरिजिनमध्ये पोर्ट धरलं जातं, कुकीत धरलं जात नाही. लोकलहोस्टवर ८००० आणि ८००१ असे दोन जँगो प्रोजेक्ट चालवलेत, तर दोघांच्या सेशन कुकीचं नाव तेच. एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर. मी एकदा यावर अख्खी दुपार घालवली आहे. एकाच्या सेटिंगमध्ये सेशन कुकीचं नाव बदला, संपलं.

गुपितांबद्दल थोडं कडक बोलतो. एन्‌व्ह फाइल गिटमध्ये जाता कामा नये. तिची रिकाम्या किमतींची नमुना प्रत तेवढी जावी. चुकून गेली तर नंतरच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात ती राहतेच, तेव्हा त्या किल्ल्या लगेच बदला. आणि खऱ्या सर्व्हरची एन्‌व्ह फाइल ‘तात्पुरती’ म्हणून मशीनवर आणू नका. एका जुन्या नोकरीत मी ती आणली होती. स्मरणपत्रांची स्क्रिप्ट सहज म्हणून चालवली आणि खऱ्या ग्राहकांना खरी पत्रं गेली. तेव्हापासून माझ्या मशीनवर जँगोचा कन्सोल ईमेल बॅकएंडच असतो: पत्र टर्मिनलमध्ये छापलं जातं, बाहेर जात नाही.

‘माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही’ या प्रकारातली बारीक कारणंही सांगून ठेवतो. विंडोज आणि मॅक फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर एरवी एकच मानतात, लिनक्स मानत नाही. इंपोर्टमध्ये एक कॅपिटल चुकलं तर ते सर्व्हरवरच कळतं. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, तेव्हा डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवा आणि दाखवताना बदला. शेलची स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत असेल तर बहुधा ओळींच्या शेवटी विंडोजची चिन्हं शिरली आहेत. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये त्या फायलींसाठी एलएफ (लिनक्सचं ओळ संपल्याचं चिन्ह) ठरवून टाका. लिनक्सवर फायलींवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणाला तर डिस्क साफ करायला घेऊ नका. आयनोटिफायची (लिनक्सच्या फाइल-पहाऱ्याची) मर्यादा संपलेली असते, ती वाढवायची.

हे सगळं चालू झालं की एकदा कोड कमिट आणि पुश करून फोल्डर दुसरीकडे हलवा, नव्याने क्लोन करा आणि फक्त रीडमी (प्रोजेक्टची सूचनांची फाइल) वाचत पुन्हा उभं करा. जिथे अडाल ती ओळ रीडमीत घाला. तुमच्याइतकं ताजं अडणं टीममध्ये आत्ता कुणाकडे नाही. पण सुरुवात त्या नेटस्टॅटपासून करा. आणि ज्या सहकाऱ्याच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतं त्यालाही विचारा, विंडोजवर थेट पोस्टग्रेस कधी टाकलं होतंस का. तो ‘नाही’ म्हणाला, तर त्याच्याकडे ५४३२ वर एकच जण ऐकत बसलाय.